खोताची वाडी

मुंबईत 'वाडी' हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो मूळचा बागेचा, गावाचा, हे आपण विसरूनच जातो. गिरगावात फणसवाडी, झावबाची वाडी अशी नावे राहिली. त्यामागचे गाव मात्र गेले. अपवाद म्हणावा तर खोताच्या वाडीचा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन तुकड्यातुकड्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली. हे ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचेच ख्रिस्ती, आपल्या घरात मराठीची बोली बोलणारे. नाव इंग्रजी वाटते ते १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी स्वतःच घेतले. (आमचे नातेवाईक त्यांना सर्रास गोवेकर म्हणतात. ते चूक आहे!) त्यांनी बांधलेली घरे कौलारू, लाकडी सज्जांची, बाहेरून जिना असलेली. शेजारी मराठी हिंदू बिऱ्हाडे. दोन घरांमधून जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ आणि मध्येच एखादा क्रूस.

आता गंमत बघा. यातले एकेक घर वेगळे काढून पाहिले तर राजवाडा नाही, किल्ला नाही. महत्त्व आहे ते सगळ्यांच्या एकत्र असण्याला. एखादी इमारत नव्हे तर आख्खा परिसरच जपायचा, ही कल्पना इंग्लंडने १९६७ साली कायद्यात आणली. मुंबईत वारसा नियमावली आली १९९५ साली. तिच्यात इमारतींबरोबर परिसरही आहेत, आणि महत्त्वाप्रमाणे तीन श्रेणी. तिसऱ्या श्रेणीत फेरफाराला बरीच मोकळीक असते.

पण यादीत नाव आले म्हणून छप्पर गळायचे थांबते का? वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात, आज तिशीही भरत नाही. मुले परदेशी गेलेली, घराला वाटेकरी चार, सागवानाचा भाव हा असा, आणि दारात बिल्डर पैसे घेऊन उभा. अशा वेळी घर विकणाऱ्याला नावे ठेवणे मला पटत नाही. घर पाडू नका म्हणणाऱ्याने कौले शाकारण्याचा खर्च कोणी करायचा तेही सांगावे. सरकारने घरपट्टीत सूट द्यावी, दुरुस्तीला स्वस्त कर्ज द्यावे; नुसत्या मनाईने फार तर चार भिंती राहतील, माणसे नाही. अनंताश्रमाच्या माशांवर ताव मारलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ती खानावळ कोणी पाडली नाही, बंद झाली.

असो. जाणार असाल तर चर्नी रोडला उतरा, सेंट तेरेसा चर्चजवळून आत शिरा. फोटो काढण्याआधी मात्र ओट्यावर बसलेल्यांना विचारा, घरे राहती आहेत.