पट्टी निघाली, तरी कुबड्या का? : हाडातील छिद्रांचा इतिहास (थ्रेड)

१/ पनवेलला मामांकडे गेलो होतो. अपघातात मोडलेले त्यांचे मांडीचे हाड जुळले आणि गेल्या महिन्यात आतील धातूची पट्टीही निघाली. तरी डॉक्टरांनी पुन्हा कुबड्या दिल्या. मामा वैतागले होते. या कुबड्यांमागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

२/ हॅम्बुर्गचे शल्यविशारद कार्ल हान्समान यांनी १८८६ मध्ये पट्टी व स्क्रूने हाड सांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘एओ’ गटाने तिला शिस्तबद्ध रूप दिले. परंतु स्क्रू म्हटला की हाडाला छिद्र पाडणे आलेच.

३/ छिद्राची किंमत किती? जर्मन अभियंता कीर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले की, ताणलेल्या रुंद पत्र्यात लहान गोल छिद्र असेल, तर त्याच्या कडेवर तिप्पट ताण येतो. छिद्राला वळसा घालणारे बळ कडेशी दाटते; तडा तिथूनच जातो.

४/ कारागिरांना हे अनुभवाने ठाऊक होते. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये पनवेलची ख्याती बैलगाडीच्या चाकांसाठी नोंदलेली आहे. चाकाचा तुंबा आऱ्यांसाठी पोखरावाच लागतो. म्हणून त्याला लोखंडी कडी चढवतात. लाकडाची खाच कधी भरून येत नाही.

५/ हाडाचे काय? १९७२ मध्ये अमेरिकेतील बर्स्टाइन व सहकाऱ्यांनी सशांच्या मांडीच्या हाडांवर प्रयोग केले. स्क्रू बसवताच, पीळ बसल्यावर न मोडता ऊर्जा सोसण्याची हाडाची क्षमता सुमारे ७० टक्क्यांनी घटली. आठ आठवड्यांनी मात्र, स्क्रू आत असतानाही, हा दुबळेपणा नाहीसा झाला. जिवंत हाडाने छिद्राभोवती स्वतःची नवी घडण केली होती.

६/ खरी मेख पुढे आहे. स्क्रू काढताच छिद्रे रिकामी होतात आणि हाड पुन्हा दुबळे ठरते. शिवाय पट्टीने बराच भार उचललेला असल्याने तिच्याखालचे हाडही काहीसे विरळ झालेले असते. रुग्णाला वाटते, आपण पूर्ण बरे झालो. नेमका तोच काळ धोक्याचा. पाय रोवून गर्रकन वळले, तरी जुन्या छिद्रातून हाड मोडू शकते.

७/ छिद्रे भरायला माणसात काही महिने लागतात. तोवर कुबड्या हीच त्या हाडाची लोखंडी कडी. मामांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण अंगणात जाताना भिंतीला टेकवलेल्या कुबड्या त्यांनी स्वतःहून उचलल्या.