पत्ते, बोली आणि न्यायमूर्ती हिदायतुल्लाह

आमच्या घरात पत्त्यांचा कॅट कधी आला नाही. अम्मींच्या लेखी पत्ते म्हणजे जुवा, जुवा म्हणजे बरबादी. मोहल्ल्यातल्या दोन-तीन घरांची उदाहरणं त्यांना तोंडपाठ होती. एकाचा हातठेला गेला, एकाच्या बायकोचे दागिने गेले. त्यामुळे अकोल्यात लहानपणी मी पत्ते शिकलो ते अकोट फैलात, एका दोस्ताच्या माडीवर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी सगळा मोहल्ला झोपायचा. कूलरच्या घरघरीत आम्हा पाच-सहा पोरांचा ‘जजमेंट’ चालायचा.

जजमेंट वऱ्हाडात बहुतेकांना ठाऊक असेल. पानं वाटली की प्रत्येकानं आपले पत्ते पाहून किती हात होतील ते आधी सांगायचं. तीन सांगितले तर तीनच व्हायला हवेत, चार झाले तरी शून्य. हुकूम दर डावाला बदलतो: काळी, चौकट, फुली, लाल. त्यावरून काही ठिकाणी खेळाचं नावच ‘काचुफूल’ पडलं. मेंढीकोटात दश्शी पकडायच्या असतात, तिथं नशिबाला दोष देता येतो. जजमेंटमध्ये हरलात तर तुमचाच शब्द खोटा पडलेला असतो. लहान वयात मला हेच झोंबायचं आणि हेच आवडायचं.

मी भाषेचा मास्तर. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. त्यामुळे पत्त्यांच्या आधी त्यांचे शब्द माझ्या नजरेत भरतात. मराठी माणूस बदाम म्हणतो तो फारसीतून, गुलाम आणि हुकूम अरबीतून. आमच्या घराकडच्या उर्दूत इस्पिकालाच हुकुम म्हणतात, बदामाला पान, चौकटला ईंट आणि किलवरला चिड़ी. एकाच कॅटवर दोन भाषांची पोरं बसली की पहिली पाच मिनिटं भांडणात जायची. ‘हुकुम चल’ म्हटलं की मराठी पोरगा चालू डावाचा हुकूम टाकायचा आणि आमचा पोरगा इस्पिक.

खेळ तर त्याहून जुना. बाबरनाम्यात १५२७ सालची एक नोंद आहे. सिंधच्या शाह हसन अर्गूनला गंजिफा आवडतो, त्यानं मागितला होता, म्हणून बाबरनं मीर अलीच्या हाती तो पाठवून दिला. हिंदुस्थानातल्या पत्त्यांचा हा फार जुना लेखी उल्लेख. पुढे अबुल फज़लनं आईन-ए-अकबरीत गंजिफ्याचं वर्णन केलं: बारा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १४४. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी त्या रंगांची नावं वाचताना आपण मोगल दरबारात आहोत की एखाद्या पुराणात, असा प्रश्न पडतो. नंतर आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा रूढ झाला. आपल्याकडे सावंतवाडीत १२० पानांचा दशावतारी गंजिफा आजही हातानं रंगवला जातो. १९७० च्या दशकात ही कला मरणपंथाला लागली होती, तेव्हा तिथल्या राजघराण्यानं, विशेषतः राणी सत्त्वशीलादेवींनी, ती वाचवली.

मोगली गंजिफ्यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. आठपैकी चार रंग ‘बेशबर’, म्हणजे त्यांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेले चार ‘कमबर’, त्यांत उलटं: एक्का मोठा, दश्शी सगळ्यांत खाली. म्हणजे हातात दश्शी आली एवढ्यावर खूश होता येत नाही, ती कुठल्या घरात बसली आहे ते आधी पाहायचं. पानाची किंमत पानावर छापलेली नसते, हे चारशे वर्षांपूर्वीच्या गंजिफा खेळणाऱ्याला माहीत होतं. पण गंजिफ्यात बोली नाही. तो स्मरणशक्तीचा खेळ: कोणतं पान गेलं, कोणतं उरलं, हे जो लक्षात ठेवील तो जिंकेल. ‘मी इतके हात करीन’ असं आधी कबूल करण्याची सक्ती त्यात नव्हती.

ती आली ब्रिजबरोबर, तीही टप्प्याटप्प्यानं. इंग्रजांच्या जुन्या व्हिस्टमध्ये वाटणाऱ्याचं शेवटचं पान उलटलं की तोच हुकूम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘बिरिच’ नावाचा खेळ आला. त्याचे नियम १८८६ मध्ये लंडनमध्ये छापले गेले आणि त्याचा माग काढणारे तुर्कांच्या इस्तंबूलपर्यंत जातात. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्शन ब्रिज. त्याच्या जन्माबद्दल सांगितली जाणारी कथा हिंदुस्थानातली आहे: कुठल्याशा आडठिकाणी नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना चौथा भिडू मिळेना, तेव्हा तिघांनी हुकमाचा लिलाव सुरू केला. कथा कितपत खरी ते असो, पण पटण्यासारखी आहे. याच सुमारास, १९०२-०३ मध्ये, आमचा वऱ्हाड निज़ामाकडून कायमच्या पट्ट्यानं घेऊन मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हा चौथा भिडू न मिळणारे साहेब आमच्याकडेही असतीलच. ब्रिजच्या इतिहासात १९१२ च्या पुण्याचाही उल्लेख आढळतो. सर ह्यू क्लेटन आणि त्यांच्या मित्रांनी असा प्रकार काढला होता की जेवढं बोलाल तेवढ्याचंच मोल मिळेल. हाच विचार पुढे अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्टनं १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर पक्का बसवला आणि आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज झाला. आमच्या माडीवरच्या जजमेंटची आणि या साहेबी खेळाची नाळ इथं जुळते. सात हात झाले पण बोली चारचीच होती, तर वरच्या तीन हातांना फारशी किंमत नाही.

मी ब्रिज शिकलो अमरावतीत, बी.एड. करत असताना. वलगाव रोडला एक निवृत्त गणिताचे शिक्षक राहायचे, आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांच्या ओट्यावर रविवारी दोन डाव मांडले जायचे. पैसा नाही, चहा त्यांच्याकडून, पानसुपारी ज्याची त्यानं आणायची. चौथा भिडू आजारी पडला म्हणून मला बसवलं आणि मग मी उठलोच नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मोजणी शिकवली. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. एका रंगात १०, चार रंगांत ४०, म्हणजे चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०. बारा-तेरा असतील तर बोली उघडावी, दोघा भिडूंचे मिळून २५-२६ झाले तर बिनहुकमात नऊ किंवा इस्पिक-बदामात दहा हातांपर्यंत जावं, ३३ असतील तर बारा हातांचा विचार करावा. ही मोजणी मिल्टन वर्क या अमेरिकन जाणकाराच्या नावानं ओळखली जाते आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स गोरेननं ती घरोघरी पोचवली. गोरेननं त्यात लांबी-तोकडेपणाचे गुण मिळवले. एखादा रंग अजिबात नसेल तर ३, एकच पान असेल तर २, दोन असतील तर १. तेरा पानांचा हात ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० प्रकारांनी येऊ शकतो. एवढ्या पसाऱ्याला चार आकड्यांत बांधणारी युक्ती साधी आहे, म्हणूनच फसवी आहे.

मी दोन महिन्यांत गुण मोजण्यात पटाईत झालो आणि हरत राहिलो. एकदा आमच्या दोघांचे मिळून २५ होते, मी बिनधास्त बिनहुकमात नऊ हात बोललो आणि दोन हातांनी बुडालो. सरांनी शांतपणे विचारलं, “बदामाची राणी कुणाच्या पुढ्यात होती?” माझ्या डाव्या बाजूच्या गड्यानं बदामाची बोली दिली होती. म्हणजे एक्का-राजा बहुधा त्याच्याकडे, माझ्यानंतर खेळणाऱ्याकडे. माझी राणी, सोबत एक दुर्री, त्याच्या तोंडात बसली होती आणि मी तिचे दोन गुण पूर्ण धरले होते. बोली उजव्या बाजूच्यानं दिली असती तर त्याची पानं आधी पडली असती, माझं पान मागून आलं असतं, आणि राजाचंही मोल वाढलं असतं. पत्ता तोच, खुर्ची वेगळी.

दुसऱ्या रविवारी त्यांनी दोन हात ओट्यावर मांडले. एकात इस्पिकाचा एक्का-राजा आणि तीन बारकी, बदामाचा राजा आणि तीन बारकी, चौकटची तीन बारकी, किलवरची एकटी दुर्री. दुसऱ्यात तीन रंगांत राणी-गुलाम, चौथ्यात नुसता गुलाम, बाकी कचरा. दोन्हींत गुण दहा. भिडूनं इस्पिक बोललंय, कोणता हात हवा? पहिल्यात किलवरचा एक हात गेला की पुढचं किलवर हुकमानं कापता येतं. दुसऱ्यातल्या राण्या-गुलामांची पाळी येईपर्यंत समोरच्यांचे एक्के-राजे हात घेऊन गेलेले असतात. व्हिस्टच्या काळातली ड्यूक ऑफ कंबरलँडची दंतकथा त्यांनी तेव्हाच सांगितली. ड्यूकच्या हाती आपल्या मोजणीनं ४० पैकी ३० गुण होते. डाव कुणी मुद्दाम रचलेला होता, आणि त्या हातानं त्याला एकही हात झाला नाही.

याच सुमारास एका शाळेत माझी मुलाखत झाली. धडा बरा गेला, कागदपत्रं ठीक होती. शेवटी समितीतल्या एका बुज़ुर्गांनी विचारलं, “मियाँ, सुना है आप पत्ते खेलते हैं?” मी ब्रिज असतो, पैसा नसतो, निवृत्त मास्तरांच्या ओट्यावर असतो, असं सांगू लागलो. त्यांनी मान हलवली, “पत्ते तो पत्ते हैं.” नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्या उमेदवाराचे गुण माझ्याहून जास्त असतील, मला माहीत नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून बरीच वर्षं गेलं नाही. राग त्यांच्यापेक्षा स्वतःवर जास्त होता, कारण मी ओशाळलो होतो. गुन्हा केल्यासारखं बोलत होतो. आणि अम्मींना नोकरी का गेली ते मी सांगितलंच नाही.

मैसिर, म्हणजे पैज लावून केलेला जुगार, हराम आहे, त्यात दुमत नाही. पैज नसलेल्या खेळांबाबत उलेमांत जुना मतभेद आहे. शतरंजवर तर कितीतरी लिहिलं गेलं. मी आलिम नाही, त्या वादात पडत नाही. पण ‘पत्ते तो पत्ते हैं’ याचं उत्तर मला एका अनपेक्षित ठिकाणी मिळालं, आणि ते देणारा माणूस आमच्याच भागातला निघाला.

न्या. एम. हिदायतुल्लाह हे देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश, पुढे उपराष्ट्रपती, एवढं आपल्याला पाठ असतं. पण त्यांची वकिली नागपूरची. १९४३ मध्ये ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल झाले, म्हणजे अकोला-अमरावतीचेही. १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टात. तिथं त्यांच्यासमोर सिकंदराबादच्या एका क्लबचा खटला आला. सभासद रमी खेळत होते, पोलिसांनी छापा घातला, कायदा होता हैदराबादचा. १९६८ चा म्हणून उद्धृत होणाऱ्या या निकालात त्यांनी रमीला तीन पत्तीपासून वेगळं काढलं. तीन पत्ती निव्वळ नशीब. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. पानं पिसून वाटली की प्रत्येक खेळात थोडं नशीब येणारच, आणि रमीतलं नशीब ब्रिजच्या वाटणीत असतं तशाच जातीचं, असा त्याचा आशय. ब्रिज कौशल्याचा आहे हे सिद्ध करायची त्यांना गरजच वाटली नाही. ते गृहीत धरून त्यांनी रमीला त्याच्या शेजारी बसवलं. शिवाय कौशल्याचा खेळ असला तरी क्लबनं पैजेतून नफा उकळला तर तो गुन्हाच, हेही त्यांनी सोडलं नाही. मोबाईलवर रमीच्या जाहिराती करणारे या निकालाचा पहिला अर्धा सांगायचे, दुसरा विसरायचे.

२०१८ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला आणि ६० वर्षांचे प्रणब बर्धन व ५६ वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्ण मिळवून दिलं. सर तेव्हा हयात नव्हते. असते तर सुवर्णाबद्दल कमी आणि शेवटच्या दिवसाच्या बोलींबद्दल जास्त बोलले असते.

गेल्या बासी ईदला घरी मुलांचा जजमेंट रंगला होता. कॅट आता घरात आहे, मुलीनं आणला. अम्मी तख्तावर तस्बीह घेऊन बसल्या होत्या, डोळे मात्र डावावर. मुलीच्या हातात इस्पिकाची राणी, हुकूम बदाम. तिनं ‘तीन’ म्हटलं आणि दोनच झाले. ती रडवेली झाली. मी तिला समजावता समजावता अम्मींना वीस वर्षांपूर्वीची मुलाखत सांगून टाकली, आणि पाठोपाठ हिदायतुल्लाह साहेबांचा निकालही, जमेल तसा उर्दूत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

“जज साहब नागपूर के थे?” त्यांनी विचारलं.

“वकिली नागपुरातच केली, अम्मी.”

“अच्छा.” तस्बीह उशाशी ठेवून त्या उठल्या. “अस्र का वक़्त हो गया. पत्ते उठाओ, और गिन के रखना, पिछली बार चिड़ी की अठ्ठी मेरे तकिये के नीचे मिली थी.”