न सांगता चुकणारं यंत्र

२०२३च्या मे महिन्यात मी एक झिप फाइल उघडत होतो. चार ठिकाणी ‘सीआरसी एरर’ आली. झिपमध्ये आजीचे धवले होते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गात एकेक विधी पार पाडते. करावे गावात आणि आसपासच्या गावांत आजीनं हे काम बरीच वर्षं केलं. तिचे २३ धवले मी फोनवर रेकॉर्ड केले, कॉम्प्युटरवर घेतले, झिप केले आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून तिथून उडवून टाकले.

सीआरसी म्हणजे एक प्रकारची ताळ्याची बेरीज. फाइल झिपमध्ये जाताना तिच्या सगळ्या मजकुरावरून ३२ बिटांचा एक आकडा काढून सोबत ठेवतात. बाहेर काढताना तोच हिशोब पुन्हा करायचा. दोन आकडे जुळले नाहीत, तर मधे कुठेतरी काहीतरी बदललं आहे. कुठे आणि काय, ते मात्र कळत नाही.

तीच झिप मी मित्राच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. तिथेही तेच चार धवले अडकले. म्हणजे बिघाड उघडताना झाला नव्हता, झिप बनवतानाच झाला होता. आणि ज्या कॉम्प्युटरवर ती बनवली, तो मी फेब्रुवारीत ओव्हरक्लॉक केला होता. प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झवरून ४.२ वर आणि मेमरी ३२०० वरून ३६०० वर. त्या तीन महिन्यांत तो कॉम्प्युटर दोनदा आपोआप रीस्टार्ट झाला होता. गावठाणात लाइट खाली-वर होतेच, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

ओव्हरक्लॉक म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. प्रोसेसरमध्ये एक ठोका सतत पडत असतो. दोन ठोक्यांच्या मधे प्रत्येक सिग्नलनं आपल्या जागी पोहोचून स्थिर व्हायचं असतं. ४.२ गिगाहर्ट्झला हा मधला वेळ साधारण पाव नॅनोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ७ सेंटिमीटर जातो. एखादा सिग्नल पोहोचायच्या आत पुढचा ठोका पडला, तर एकच्या जागी शून्य वाचला जातो. व्होल्टेज वाढवलं की सिग्नल जलद पोहोचतात, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर त्याच वेगाला उष्णता २१ टक्क्यांनी वाढते. आणि तापलेली चिप चुकायला जास्त जवळ येते. सगळा खेळ मधल्या मोकळ्या जागेचा आहे. इंजिनिअर तिला मार्जिन म्हणतात.

मार्जिन मोजण्याची गोष्ट गेमर लोकांच्या खूप आधी सुरू होते. १९५० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘व्हर्लविंड’ नावाचा कॉम्प्युटर उभा राहत होता. त्यात हजारो व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूब एकदम जळाली तर सोपं, ती बदलता येते. पण ट्यूब हळूहळू कमजोर होत जाते आणि मधेच कधीतरी चुकते, ते सापडणं कठीण. तिथल्या लोकांनी यावर उपाय काढला, ‘मार्जिनल चेकिंग’. नेमानं, मुद्दाम व्होल्टेज वर-खाली करायचं आणि त्या ताणात कोणता भाग चुकतो ते बघायचं. जो चुकेल तो उद्या-परवा कामाच्या वेळी चुकणार होताच. त्याला आजच काढायचं. कॉम्प्युटर बंद पडायची वाट न बघता त्याला आपणच काठावर न्यायचं, ही कल्पना तेव्हाची आहे.

करावे गावापासून खाडी ओलांडून गेलं की मुंबई. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ बनला आणि १९६० साली पूर्णपणे वापरात आला. देशात बनलेला हा पहिला मोठा डिजिटल कॉम्प्युटर. सुमारे २,७०० ट्यूब, आणि मेमरी २,०४८ शब्दांची. त्या काळात यंत्र वापरणाऱ्याला यंत्र चुकू शकतं हे रोज डोळ्यांसमोर दिसायचं. ट्यूबची जागा चिपनं घेतली, चिप वर्षानुवर्षं चालायला लागल्या आणि आपण ते विसरलो.

चिपचा कारखाना मार्जिन विसरला नाही. एकाच तबकडीवरच्या सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. काही जास्त वेग सोसतात, काही कमी. कारखाना त्या तपासतो, वेगवेगळ्या वेगांचे शिक्के मारतो आणि शिक्क्याच्या वर थोडी मोकळीक ठेवतो. उन्हाळा, धूळ, जुना होत गेलेला पॉवर सप्लाय, सगळं त्या मोकळिकीत बसायला हवं. पण बाजारात स्वस्त चिपची मागणी जास्त असली, तर चांगल्या चिपवरही कमी वेगाचा शिक्का बसतो. ओव्हरक्लॉकिंगचा सुवर्णकाळ यातूनच आला.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलनं ‘सेलेरॉन ३०० ए’ बाजारात आणला. वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टू ची किंमत ६६९ डॉलर होती. सेलेरॉनचा हिशोब असा: मदरबोर्डचा ठोका ६६, त्याची साडेचार पट, म्हणजे ३००. बोर्डाचा ठोका १०० केला की साडेचार पट होतात ४५०. आणि बहुतेक चिप ते सहज सोसायच्या. ज्यांच्या मदरबोर्डवर तशी सोय नव्हती, ते प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी २१ नावाच्या पिनवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचे. बोर्डाला वाटायचं, हा १०० वाला प्रोसेसर आहे. पुढे २००० साली एएमडीच्या प्रोसेसरवरचे तुटक पूल लोकांनी शिसपेन्सिलीनं जोडले, कारण ग्राफाइटमधून वीज जाते. सेलोटेप आणि पेन्सिल हीच तेव्हाची हत्यारं होती.

याच काळाची एक काळी बाजूही आहे. नव्वदच्या दशकात जगभरच्या बाजारांत कमी वेगाच्या चिपवरचा शिक्का खरवडून जास्त वेगाचा शिक्का मारणारे होते. घेणाऱ्याला आपला कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक केलेला आहे, हेच माहीत नसायचं. मशीन अधूनमधून अडकायची आणि तो विंडोजला शिव्या द्यायचा. कंपन्यांनी पुढे वेगाची ती पटच कुलूपबंद केली, त्यामागे हे एक कारण होतं.

पण अडकणारं मशीन तरी प्रामाणिक असतं. खरी भीती न अडकता चुकणाऱ्याची. ती जगाला दाखवली एका गणिताच्या प्राध्यापकानं. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. जुळ्या म्हणजे ज्यांच्यात दोनचाच फरक आहे अशा, उदाहरणार्थ ११ आणि १३. १९९४ मध्ये त्यांच्या बेरजा जुळेनात. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग कंपायलर, मग मदरबोर्ड. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं. शेवटी उरला पेंटियम प्रोसेसर. तो बनवणाऱ्या गटाचं नेतृत्व पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी केलं होतं आणि १९९३ साली तो मोठ्या कौतुकात बाजारात आला होता. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता असतो, त्यातल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. काही मोजक्याच भागाकारांचं उत्तर किंचित चुकायचं. स्क्रीन निळी होत नव्हती, काही अडकत नव्हतं. इंटेलला चिप बदलून द्याव्या लागल्या आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवावा लागला.

ती चूक रचनेची होती, वेगाची नाही. पण नाइसलींनी ज्या रीतीनं ती शोधली, ती रीत ओव्हरक्लॉक करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. आणि मूळ संख्यांचा धागाही पुढे चालू राहिला. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा प्रकल्प सुरू केला. त्याचा प्रोग्रॅम ‘प्राइम ९५’. एक संख्या तपासायला घरच्या मशीनला कित्येक दिवस लागतात आणि मधे एक बिट जरी पलटला तरी सगळी मेहनत वाया. म्हणून त्यात एक छळ-चाचणी ठेवली: उत्तर आधीच माहीत असलेली गणितं यंत्राकडून तासन्‌तास करवून घ्यायची आणि ताळा बघायचा. गणितज्ञांची ही सोय पुढे जगभरच्या ओव्हरक्लॉकरांची कसोटी झाली. मेमरीसाठी त्याच काळातला ‘मेमटेस्ट ८६’ आहे.

मीही फेब्रुवारीत ‘प्राइम ९५’ चालवला होता. रात्री, पंखा लावून, दहा मिनिटं.

इथे मला गावचीच एक गोष्ट सांगायला हवी. नवी मुंबई उभी राहण्याआधी करावे आणि शेजारची गावं खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकवायची. समुद्राचं पाणी अडवायला बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी. बांधाची उंची रोजच्या भरतीवर ठरत नाही, ती उधाणावर ठरते. ओहोटीच्या वेळी कुठलाही बांध मजबूत दिसतो. एका रात्रीत खारं पाणी आत आलं, तर पीक तर जातंच, पण जमीनही पुढची काही वर्षं नासते.

मी माझा बांध ओहोटीला तपासला होता.

मग मे महिन्यात नीट सुरुवात केली. पहिल्यांदा बायोसमधलं सगळं मूळ पदावर आणलं आणि दोन दिवस काहीच बदललं नाही. सगळ्या चाचण्या निर्दोष. म्हणजे मुळात हार्डवेअर मेलेलं नव्हतं. मग फक्त प्रोसेसर ४.२ वर नेला, मेमरी मूळ वेगावर. ‘प्राइम ९५’ रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारभर. चूक नाही. मग प्रोसेसर मूळ वेगावर आणि फक्त मेमरी ३६०० वर. रात्री ‘मेमटेस्ट’च्या चार फेऱ्या स्वच्छ. दुपारी दोन वाजता, वर पत्रा तापलेला असताना, तिसऱ्या फेरीत एक चूक. पुढच्या तासाभरात आणखी सात.

कारण सरळ होतं. डीरॅम मेमरीचा प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला चार्ज. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. त्यात मी वेग वाढवून वाचायला मिळणारा वेळही कमी केला होता. कॅबिनेट उघडलं तर पुढची जाळी धुळीनं बुजलेली. खाडीवरची दमट हवा ती धूळ चिकट करून ठेवते. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा बाहेर पडायला वाटच नव्हती. रात्री २८ अंशांच्या खोलीत जी मोकळीक पुरत होती, ती दुपारी संपत होती. आणि धवले मी एप्रिलमधल्या एका दुपारी झिप केले होते.

जाळी धुतली, एक पंखा वाढवला आणि मेमरी ३२०० वर आणली. दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्सपोर्ट करायला आता साधारण अर्धा मिनिट जास्त लागतो. एवढ्यासाठी मी ते केलं होतं.

हे फक्त हौशी लोकांचं दुखणं नाही. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरांनी शोधनिबंध लिहून सांगितलं की त्यांच्या डेटा सेंटरमधले काही मोजके प्रोसेसर कुठलीही सूचना न देता चुकीची उत्तरं देतात. ते तर कोणी ओव्हरक्लॉक केलेले नव्हते. २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की त्यांच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागून अस्थिर होतात, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कारखानेही आता काठाच्या बरेच जवळ येऊन चालतात. चिकटपट्टीनं ४५० गाठण्याइतकी मोकळीक आता विकत मिळत नाही.

चार धवल्यांपैकी दोन वाचले, मधे एक टक्‌ आवाज येतो इतकंच. तिसरा उघडलाच नाही. चौथा सहाव्या मिनिटानंतर नुसती खरखर आहे. तिसरा आजीनं पुन्हा गाऊन दिला. चौथा तिनं तिच्या बहिणीबरोबर गायला होता आणि ती बहीण मे महिन्यापर्यंत राहिली नव्हती.

उरलेल्या १९ फाइलींचा सीआरसी बरोबर होता. पण मला आता माहीत होतं की तेवढं पुरत नाही. बेरीज काढण्याआधीच मेमरीत बिट पलटला असेल, तर चुकलेल्या फाइलीचीच बेरीज बरोबर निघते. ताळा घ्यायला मूळ प्रत लागते आणि ती मी उडवली होती.

मूळ प्रत एकच उरली होती. मी आजीला हेडफोन लावून बसवलं. एकोणीसही धवले तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, तीन संध्याकाळी लागल्या. अकराव्याला तिनं हात वर केला. मी मागे नेऊन पुन्हा लावलं, तिथे एक बारीक टक्‌ होता, मला आधी कधी ऐकू आला नव्हता. बाकीचे ठीक आहेत म्हणाली. मग विचारलं, “झाला का तुजा डबा बरा?”

झाला, म्हटलं. आता ते धवले तीन ठिकाणी आहेत आणि प्रत्येकाचा ताळा वहीत हातानं लिहून ठेवला आहे. आजीनं ऐकल्यानंतर काढलेला.