मामाकडची कॉपी

लग्नाची कॅसेट कॉपी करायची म्हणजे दोन व्हीसीआर जोडायचे आणि तीन तासांच्या लग्नाला तीन तास बसून राहायचं. सुरतेच्या उधन्यात मी दुकान टाकलं तेव्हा धंदा असा होता. गिऱ्हाईक सगळं आपलंच, खान्देशातलं. तापी लाइनच्या गाडीनं सुरतेला येऊन लूमवर लागलेलं. एक कॅसेट इथे, एक कॉपी गावाला मामाकडे, ही रीतच पडली होती.

मग डीव्हीडी आली. खोटं कशाला बोलू, पिक्चरही उतरवले. कंपनीच्या डीव्हीडीला ४० बिटांच्या किल्लीचं कुलूप असे. ते उघडणारा प्रोग्राम १९९९ मध्ये नॉर्वेच्या योन योहान्सन या पंधरा वर्षांच्या पोरानं इंटरनेटवर टाकला. त्याच्यावर खटला झाला; २००३ मध्ये कोर्टानं त्याला सोडलं. (आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीपासून हक्क मोडण्यासाठी असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. माझे उद्योग त्याआधीचे, पण चोरी ती चोरीच.) साडेआठ जीबीचा पिक्चर ४.७ जीबीच्या कोऱ्या डिस्कमध्ये कोंबायचं काम ‘डीव्हीडी श्रिंक’ करायचं, राइट करायला निरो. डब्यावर १६ एक्स छापलेलं असलं तरी मी ८ च्या वर जात नसे. घाईत राइट केलेली डिस्क गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर नेमकी सप्तपदीला अडकते.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापी शहरात शिरली. रांदेर, अडाजण पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर दुकानासमोर रांग लागली, हातात पिशव्या. डीव्हीडी सोपी: साध्या पाण्यात धुवायची, मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसायची, गोल कधीच नाही. बऱ्याचशा चालल्या. कॅसेटचं मात्र कठीण. रांदेरहून आलेल्या एका गाववाल्यानं पिशवी पुढे केली, “जिभाऊ, ह्यामा मन्ही माय शे.” स्क्रू काढून बघितलं तर टेपवर गाळ, थरांना थर चिकटलेले. हळूच ओढली तरी तुटली. त्याची आई एवढ्या एकाच लग्नात कॅमेऱ्यासमोर आली होती.

शिंदखेड्याला त्याच्या मामाकडची कॉपी कोरडी होती. ती मागवली, कॉम्प्युटरवर चढवली, दोन डीव्हीडी करून दिल्या. आता निश्चिंत राहा, असं मीच सांगितलं.

तेरा वर्षांनी तो त्यातली एक घेऊन आला. ओरखडा नाही, डाग नाही, पण लागेना. कंपनीच्या डीव्हीडीत माहितीचे बारीक खड्डे प्लास्टिकमध्येच दाबलेले असतात. आपण राइट केलेली डिस्क रंगाच्या थरावर जाळलेली असते, आणि तो रंग कपाटात बसूनही उडतो. मोझर बेअर कंपनीनं ३४ रुपयांना विकलेले पिक्चर माझ्याकडे अजून चालतात. त्याची दुसरी डिस्क अडखळत वाचली गेली. ती फाइल आता त्याच्या, त्याच्या बहिणीच्या आणि माझ्या अशा तीन हार्ड डिस्कवर आहे.

तुमच्या लग्नाची डीव्हीडी कपाटात असेल तर या रविवारी लावून बघा. नाहीच लागली तर आधी मामाला फोन करा.