किल्ला कीं मांडवी?

मुंबईच्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या वह्या व खतपत्रें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं तीं वाचतांना एक भेद ध्यानांत ठेवावा, अशी आमची सूचना आहे. दुकान किल्ल्यांत होतें, कीं कोटाबाहेर मांडवीस होतें, हा तो भेद. आज हे दोन्ही भाग एकाच शहराच्या पोटांत गेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मात्र त्यांमध्यें तट, खंदक व मोकळें मैदान होतें, आणि रात्रीं दरवाजे लागले म्हणजे अलीकडचा अलीकडे व पलीकडचा पलीकडे.

ता. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं किल्ल्यांत लागलेल्या आगीनें व्यापार कोटाबाहेर घालविला, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. आग भयंकर होती, यांत शंका नाहीं. ती पसरूं नये म्हणून तोफा लावून घरें पाडावीं लागलीं. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या सरकारास दाट वस्ती बाहेर हलवावी असें वाटूं लागलें, व तटाबाहेरची वस्ती वाढलीही. परंतु तेवढ्यावरून किल्ला ओस पडला असें मानणें चूक होय. जळल्या जागीं पुन्हां घरें उठलीं. ज्यास हुंडी वटवावयाची व कंपनीच्या कचेरींत खेटे घालावयाचे, त्यानें किल्ला सोडून जावें कोठें?

मांडवीचा ओढा निराळा होता. तिचें नांवच पाहा. कच्छांतील मांडवी बंदरावरून तें आलें, असें कोणी म्हणतात. कारण कच्छी व्यापाऱ्यांची तेथें दाटी. आम्हांस हें पटत नाहीं. मांडवी म्हणजे जकातीचें ठाणें, हा अर्थ आपल्या भाषेंत जुना आहे. जेथें गलबतें रिकामीं होत तेथें असें ठाणें असणारच. कच्छची मांडवी ही बहुधा त्याच शब्दाची दुसरी लेक असावी. आतां धान्यासारखा जड व जागा अडविणारा माल धक्क्यावरून लांब वाहून नेणें म्हणजे नफा वाटेंत सांडणें होय.

म्हणून आमचें मत असें कीं, ऐपतदार व्यापाऱ्यांनीं दोहोंपैकीं एक जागा निवडली नाहीं. व्यवहाराचेच दोन तुकडे केले. पेढी किल्ल्याकडे राहिली, वखार मांडवीस गेली. लहान दुकानदारास दोन भाडीं झेपणारीं नव्हतीं. त्याला मात्र निवड करणें भाग होतें.

कापसाची गोष्ट वेगळी. त्याचा बाजार किल्ल्यांतील हिरवळीवर भरे. तो १८४४ मध्यें कुलाब्यास हलविण्यांत आला व विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत शिवडीकडे गेला. कॉटन ग्रीन या स्टेशनाच्या नांवांत ती हिरवळ अजून उरली आहे.

गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकीर्दींत (१८६२–६७) तट पडले, तरी भेद मिटला नाहीं. १८८० मध्यें प्रिन्स गोदी उघडली आणि मांडवीचें पारडें अधिकच जड झालें. त्या दाटीची किंमत सप्टेंबर १८९६ मध्यें द्यावी लागली. डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वर प्रथम ओळखला तो मांडवींतच. धान्याच्या वखारी म्हणजे उंदरांचें माहेर! भयानें लोक शहर सोडून गेले. सांथ ओसरतांच व्यापार पुन्हां त्याच गल्ल्यांत परतला. धान्याचा घाऊक बाजार वाशीस गेला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस.

वहींत ‘मांडवी’ हा शब्द आढळल्यास तें स्थलनाम आहे कीं जकातीची बाब, हें समोरच्या रकमेवरून आधीं पाहून घ्यावें.