छोटा ट्रॅक्टर, भाड्याची ट्रॉली : ओढण्याआधी थांबवण्याचा हिशोब करा

निफाड : द्राक्षबागेत फिरायला म्हणून घेतलेला छोटा ट्रॅक्टर आता निफाड, दिंडोरी, चांदवडच्या गावागावांत आहे. फवारणी, रोटर, बागेतली सगळी कामं तो करतो. पण कांदा निघाला की प्रश्न येतो ट्रॉलीचा. वर्षातून आठ-दहा खेपांसाठी स्वतःची ट्रॉली कोण घेणार? मग शेजारच्या गावातून, अवजार बँकेतून नाहीतर ओळखीतल्या कुणाकडून ट्रॉली खेपेवर किंवा दिवसावर भाड्यानं आणायची, आपल्या ट्रॅक्टरला जोडायची आणि लासलगाव, पिंपळगाव, विंचूर किंवा उमराण्याचा रस्ता धरायचा.

यात गैर काही नाही. फक्त जोडताना आपण एकच गोष्ट बघतो : ट्रॅक्टर ओढेल का? ओढतो. खालच्या गिअरमध्ये छोटा ट्रॅक्टरसुद्धा अंगापेक्षा कितीतरी जास्त ओझं ओढतो. खरा प्रश्न दुसरा आहे : थांबवेल का? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे ट्रॉली, माल आणि ट्रॅक्टर, सगळ्याला थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर येतं.

आधी वजन काढा

ट्रॉलीत किती माल बसतो हे अंदाजानं सांगू नका, मापानं काढा. आतली लांबी, रुंदी, उंची फुटात मोजा आणि गुणाकार करा. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. एका ब्रासमध्ये कांदा साधारण दीड ते पावणेदोन टन बसतो. ओलं शेणखत दोन टनांच्या आसपास जातं. वाळू साडेचार टनांच्या घरात जाते. म्हणूनच कांद्याला चाललेली ट्रॉली वाळूला चालेल असं समजू नये.

उदाहरण घ्या. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच ट्रॉली म्हणजे १२० घनफूट. कांदा साधारण २० क्विंटल. त्यावर फळ्या लावून उंची ४ फूट केली की तोच आकडा ४० क्विंटल होतो. ट्रॉली तीच, ट्रॅक्टर तोच, ओझं मात्र दुप्पट. शिवाय रिकाम्या ट्रॉलीचंही टन-सव्वा टन वजन धरावं लागतं.

याहून सोपा मार्ग म्हणजे मागच्या हंगामाची काटापट्टी. मार्केटला भुईकाट्यावर भरलेलं आणि रिकामं अशी दोन्ही वजनं होतात. रिकामं वजन म्हणजे ट्रॅक्टर अधिक ट्रॉली. भाड्याची ट्रॉली पहिल्यांदाच नेत असाल तर पहिल्या खेपेची पट्टी जपून ठेवा, पुढच्या वेळी तीच उपयोगी पडेल.

आता तुमच्या ट्रॅक्टरचं वजन बघा. बागेतला छोटा ट्रॅक्टर पाऊण ते सव्वा टनाचा असतो. ४५-५० एचपीचा मोठा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो. ट्रॅक्टर कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत साधारण असा नियम आढळतो की ब्रेक नसलेली ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीच्या आत असावी आणि वेगही कमी असावा. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जो आकडा दिला असेल तो शेवटचा धरा.

हा हिशोब छोट्या ट्रॅक्टरला लावून बघा. ट्रॅक्टर एक टन. दीडपट म्हणजे दीड टन. त्यातून रिकामी ट्रॉली एक टन गेली. उरला अर्धा टन, म्हणजे पाच क्विंटल. आपण भरतो वीस. सपाट रस्त्यावर, हळू चालवत रोज हे निभावतं म्हणून ते बरोबर आहे असं वाटतं. निभावत नाही ते उतारावर, ओल्या रस्त्यावर आणि पुढं अचानक कुणी आडवं आल्यावर.

उतारावर काय होतं

शंभर फुटाला पाच फूट उतार हा डोळ्याला फार दिसत नाही. पण एकूण पाच टनांचं ओझं असेल तर त्या उतारावर ते अडीचशे किलोच्या जोरानं खाली ढकलत असतं, तेही सतत. ब्रेक जोरात मारला की ट्रॅक्टर थांबायला बघतो, मागची ट्रॉली थांबत नाही. ती हुकातून ट्रॅक्टरला ढकलते. चाकं सरळ नसतील तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली घडीच्या चाकूसारखी एकमेकांवर मिटतात. छोटा ट्रॅक्टर हलका, म्हणून तो लवकर फिरतो.

चांदवडहून मालेगावकडं उतरताना मुंबई-आग्रा महामार्गावरचा राहुड घाट सगळ्यांना माहीत आहे. चांदवडकडचा कांदा उमराण्याला याच उतारानं जातो. पेठ रस्त्याला सावळघाट आहे. अशा ठिकाणी हे नियम पाळा :

उतार सुरू व्हायच्या आधी थांबून खालचा गिअर टाका. जो गिअर तो चढ चढायला लागला असता, तोच उतरायला. मध्येच गिअर बदलू नका, कारण क्लच दाबला त्या क्षणी इंजिनाची पकड सुटते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणं हा तर जिवाशी खेळ. ट्रॅक्टर फोर व्हील असेल तर उतारावर ते चालू ठेवा, पुढच्या चाकांनाही इंजिनाची पकड मिळते.

वेगाचंही गणित साधं नाही. २० च्या वेगावरून ३० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबायला लागणारं अंतर सव्वादोन पटीच्या घरात जातं.

ब्रेकची पट्टी : बागेतून रस्त्यावर येताना विसरलेली गोष्ट

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. बागेत ओळीच्या टोकाला एका चाकाचा ब्रेक दाबून जागेवर वळवायला ते कामाचे. म्हणून बागेतल्या ट्रॅक्टरची दोन्ही पेडल जोडणारी पट्टी वर्षभर सुटलेली असते. तसाच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून रस्त्यावर आला आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. रस्त्याला लागायच्या आधी ही पट्टी अडकवा. दोन्ही ब्रेक सारखे धरतात का ते रिकाम्या ट्रॉलीवर एकदा मारून बघा.

हुक, पिन आणि साखळी

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारला किंवा कंपनीच्या हुकालाच जोडा. रोटरची वरची लिंक किंवा उंचावरची कुठली जागा वापरली की ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. चढावर स्टेअरिंग हलकं लागायला लागलं की समजा, मागं ओझं जास्त झालं. पुढं वजनाच्या प्लेटा असतील तर लावा.

पिन हुकाच्या भोकाला बरोबर बसणारी हवी आणि तिला खालून लॉक हवं. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः ही चूक केली. ट्रॉली भाड्याची, तिची पिन माझ्या हुकाला बारीक होती. लॉकच्या जागी तार गुंडाळली आणि निघालो. गावाबाहेरच्या गतिरोधकावर तार तुटली, पिन उडाली, ट्रॉलीचा दांडा रस्त्यात रुतला आणि ट्रॉली कलंडली. सगळा कांदा डांबरावर. मागून मोटारसायकलवर येणारा पुतण्या थोडक्यात वाचला. मालकाला दोष देऊन उपयोग नव्हता, पिन मी बघितली होती. आता माझी पिन, माझं लॉक आणि एक जाड साखळी ट्रॅक्टरच्या पेटीतच असते. पिन निसटली तरी साखळी ट्रॉलीला धरून ठेवते.

जोडताना आणखी एक. ट्रॅक्टर मागं घेताना भोक जुळवायला ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये माणूस उभा करू नका. ट्रॅक्टर थांबवा, न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, मगच माणूस मध्ये जाईल. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावलेले असू द्या.

माल कसा भरायचा

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसांना हे शिकवावं लागत नव्हतं. माल मागं जास्त झाला की गाडी उलार व्हायची, पुढं जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर दाबायचं. दोन चाकी ट्रॉलीचंही तेच. माल चाकांच्या किंचित पुढं बसला पाहिजे. मागं जास्त भरला तर हुक वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक असून नसल्यासारखे होतात. खळ्यावर कांदा खाली करतानाही पुढचा माल आधी काढू नका, मागं भार राहून ट्रॉली उलार होते. मागचा फाळका नीट अडकला आहे का हे काट्यावर पोहोचण्याआधीच बघा.

कागदपत्रं : ट्रॉलीसुद्धा गाडीच आहे

ट्रॅक्टरचं पासिंग झालं म्हणजे ट्रॉलीचंही झालं, हा गैरसमज आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला हवा आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीच्या मागं हवा. भाड्याच्या ट्रॉलीत इथंच घोळ होतो. तिच्या मागं मालकाच्या ट्रॅक्टरचा नंबर रंगवलेला असतो आणि पुढं ट्रॅक्टर आपला. अपघात झाला तर पहिला प्रश्न यावरूनच येतो. आपल्या नंबरची पाटी करून मागं अडकवा.

भाडं ठरवताना मालकाकडून ट्रॉलीचं आरसी बुक आणि विम्याच्या कागदांचे फोटो मोबाईलवर घ्या. आपल्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे का आणि वापराच्या मर्यादेत काय लिहिलंय हे विमा एजंटाला विचारा. शेतीच्या कामाचा विमा असताना दुसऱ्याचा माल भाड्यानं वाहिला तर भरपाईच्या वेळी वाद होतो. ट्रॅक्टरवर एकच सीट असते. मडगार्डवर बसलेला माणूस नियमातही बसत नाही आणि विम्यातही अडतो.

लायसन्सबाबत कोर्टाचं म्हणणं दिलासा देणारं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितलं की ट्रॅक्टरचं वैध लायसन्स असलेल्यानं ट्रॉली जोडली म्हणून ते लायसन्स निरुपयोगी होत नाही. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या वाहनांबाबतचा २०१७ चा निकालही पाच न्यायाधीशांच्या पीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम ठेवला. पण लायसन्स मुळात हवंच. अल्पवयीन पोराच्या हातात ट्रॅक्टर देऊन अपघात किंवा गुन्हा झाला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. जादा वजनाला कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिलेला आहे.

पिकअपला ट्रॉली लावू का?

हे बरेच जण विचारतात. लावू नका. शेतीची ट्रॉली ट्रॅक्टरच्या वेगासाठी बनलेली असते. पिकअपचा मागचा हुक अडकलेली गाडी ओढण्यापुरता असतो, भरलेली ट्रॉली महामार्गावर न्यायला नाही. माल पिकअपनं न्यायचा तर पिकअपमध्येच भरा. मार्केटला ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्हींतला कांदा लिलावाला लागतो.

मग करायचं काय?

ट्रॅक्टर छोटा असेल तर तीन मार्ग आहेत. जवळच्या, सपाट रस्त्याला फळ्या न लावता कमी माल भरून दोन खेपा करा. ब्रेक असलेली ट्रॉली शोधा. नाहीतर ट्रॉलीबरोबर मोठा ट्रॅक्टर आणि त्याचा ड्रायव्हरही भाड्यानं घ्या. घाटाचा रस्ता असेल तर तिसराच मार्ग धरा. भाडं जास्त जाईल, पण एका कलंडलेल्या खेपेत जेवढं जातं त्यापुढं ते काहीच नाही.

निघण्याआधी पाच मिनिटं

– ट्रॉलीच्या टायरची हवा, चिरा आणि चाकाचे नट बघा.
– पिन, लॉक, साखळी तिन्ही हातानं ओढून बघा.
– दोन्ही ब्रेक पेडलांची पट्टी अडकवा.
– मागं लाल रेडियम आणि चालू लाईट हवी. पहाटे मार्केट गाठायला अंधारात निघतो, मागच्याला ट्रॉली दिसली पाहिजे.
– ट्रॉलीच्या मागं आपल्या ट्रॅक्टरचा नंबर आहे का बघा.
– मालावर, दांड्यावर, मडगार्डवर कुणी बसलेलं नाही ना?
– गावाबाहेर पडल्यावर पहिल्या सपाट जागी एकदा ब्रेक मारून बघा. ट्रॉली मागून ढकलते असं वाटलं तर तिथंच थोडा माल उतरवा.