गिटमधील ओळ-समाप्ती व्यवस्थापन

गिटमधील ओळ-समाप्ती व्यवस्थापन म्हणजे गिट या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत साठवलेल्या मजकूर संचिकांमध्ये, प्रत्येक ओळीच्या शेवटी येणारी अदृश्य चिन्हे सर्व संगणकांवर सुसंगत राखण्याची पद्धत होय.

पार्श्वभूमी

टेलिप्रिंटरवर नवी ओळ सुरू करण्यासाठी दोन क्रिया लागत: मुद्रणशीर्ष ओळीच्या आरंभी नेणे (कॅरेज रिटर्न) आणि कागद एक ओळ पुढे सरकवणे (लाइन फीड). आस्की संकेतावलीत त्यांचे क्रमांक अनुक्रमे १३ व १० आहेत. युनिक्स, लिनक्स व सध्याचे मॅकओएस केवळ लाइन फीड (एलएफ) वापरतात. विंडोजमध्ये दोन्ही चिन्हे (सीआरएलएफ) वापरण्याचा प्रघात आहे.

परिणाम

गिट बदलांची तुलना ओळीनुसार दाखवते. त्यामुळे केवळ ओळ-समाप्ती बदलली तरी संपूर्ण संचिका बदललेली दिसते, खरा बदल झाकला जातो आणि प्रत्येक ओळीचे श्रेय हे रूपांतर करणाऱ्याच्या नावे नोंदले जाते. सीआरएलएफ असलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर अनेकदा चालतच नाही. पहिल्या ओळीतील कॅरेज रिटर्न हे चिन्ह इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजले जाते.

सेटिंग

'कोअर.ऑटोसीआरएलएफ' या सेटिंगची तीन मूल्ये आहेत. 'ट्रू' असल्यास साठवताना एलएफ व संचिका बाहेर काढताना सीआरएलएफ केले जाते. 'इनपुट' असल्यास केवळ साठवतानाच रूपांतर होते. 'फॉल्स' असल्यास या सेटिंगमुळे रूपांतर होत नाही. मात्र हे सेटिंग प्रत्येकाच्या संगणकापुरते असते व रिपॉझिटरीबरोबर इतरांपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून सामूहिक प्रकल्पांत '.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' ही संचिका अधिक भरवशाची ठरते. ती रिपॉझिटरीतच राहते आणि तिच्यातील नियम वैयक्तिक सेटिंगपेक्षा वरचढ ठरतात. शेल स्क्रिप्टसाठी एलएफ, विंडोजच्या बॅच संचिकांसाठी सीआरएलएफ असे प्रकारानुसार नियम तिच्यात देता येतात. चित्रांसारख्या संचिका 'बायनरी' म्हणून नोंदवतात, कारण त्यांच्यातील बाइट बदलल्यास त्या निकामी होऊ शकतात. असे रूपांतर ओळखता यावे म्हणून पीएनजी चित्रांच्या आरंभीच्या ओळखखुणेत १३ व १० हे बाइट मुद्दाम ठेवलेले आहेत.

जुन्या रिपॉझिटरीचे सामान्यीकरण

'.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' नंतर जोडल्यास आधी साठवलेला मजकूर आपोआप बदलत नाही. त्यासाठी 'गिट अ‍ॅड' या आज्ञेला 'रीनॉर्मलाइझ' हा पर्याय जोडतात. हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये नोंदवणे इष्ट असते, अन्यथा त्याच कमिटमधील आशयाचे बदल तपासणे कठीण होते.